मागायला आलेला

शुभवर्तमानातला येशू सारखा कुणाकडे ना कुणाकडे काहीतरी मागत असतो. तळ्याकाठी गर्दी झाली की शिमोनाची होडी मागतो. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसून शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. हजारोंना जेवू घालायची वेळ येते तेव्हा एका पोराच्या शिदोरीतल्या पाच भाकरी आणि दोन मासे घेतो. यरुशलेमेत शिरायला शिंगरू दुसऱ्याचं, वल्हांडणाच्या जेवणाला माडीवरची खोली दुसऱ्याची, आणि शेवटी कबरसुद्धा अरिमथाईकर योसेफाची. मरणातून उठल्यावर तरी ही सवय जावी! पण नाही. शिष्य भेदरून बसलेत, हा भूत आहे की माणूस हेच त्यांना कळेना, आणि हा विचारतो, खायला काही आहे का. त्यांनी भाजलेल्या माशाचा तुकडा दिला आणि त्याने तो सगळ्यांदेखत खाल्ला. लूकने हे मोठ्या गांभीर्याने लिहिलं आहे. मला मात्र वाचताना दर वेळी हसू येतं.

मी ख्रिस्ती घरात जन्मले, नगरच्या मिशन कंपाउंडात वाढले. संडे स्कूलमध्ये आम्हाला शिकवला तो देणारा येशू. आंधळ्याला डोळे दिले, लंगड्याला पाय दिले, विधवेला तिचा मुलगा दिला. त्याच्याकडे कसं मागायचं, हे तर आम्हाला हात जोडून, डोळे मिटून पाठच करून घेतलं होतं. पण तो आपल्या दारी मागायला आला तर ओळखायचा कसा, हे पुलपिटावरून कुणी सांगितल्याचं आठवत नाही. ते मी दुसरीकडे शिकले आणि ज्यांच्याकडून शिकले त्यांतल्या कुणालाही आपण काही शिकवतोय याचा पत्ता नव्हता. हे लिहिणं त्यांच्यासाठी.

आधी एक सांगून टाकते. पोळीवर, भिंतीच्या ओलीवर, ढगात येशूचा चेहरा दिसल्याच्या गोष्टी अधूनमधून कानावर येतात. लोक हार घेऊन धावतात. मला त्यात काडीचा रस नाही. त्याचा चेहरा कसा होता हे चारही शुभवर्तमानकारांनी एका शब्दाने लिहून ठेवलेलं नाही. मरीया मग्दालीया त्याला रोज बघणारी बाई, तिला तो बागेचा माळी वाटला. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य कितीतरी वेळ त्याच्याबरोबर चालले, बोलले, तरी त्यांना कळलं नाही. चेहऱ्यावरून त्यांना ओळखता आला नाही, तिथे पोळीवरच्या डागावरून आपल्याला कुठून ओळखता येणार?

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. पुढे बदली होऊन नगरला आले. घरात दोन गोष्टींना हात लावताना धुतलेले हात लागत: पवित्र शास्त्र आणि 'ज्ञानोदय'चे बांधून ठेवलेले अंक. 1842 साली नगरातच सुरू झालेलं हे नियतकालिक दादांना आपल्या आजोळाइतकं जवळचं वाटे. आणि कवी ना. वा. टिळकांवर तर त्यांचा जीव. टिळक राहुरीला राहिलेले, म्हणजे आमच्याच गावकुसातले, असा एकूण आविर्भाव.

टिळकांची आगगाडीतली गोष्ट दादा नेहमी सांगत. 1893 साल. टिळक नोकरीच्या शोधात राजनांदगावला चाललेले. डब्यात एक गोरा माणूस भेटला, गप्पा झाल्या, कवितेवरून विषय धर्मावर गेला. उतरताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि हे वाचाल असं वचन मागून घेतलं. टिळकांना सुरुवातीला ते पुस्तक फारसं रुचलं नाही, पण वचन दिलेलं, म्हणून वाचत गेले, आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन थांबले. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो गोरा कोण होता, हे मात्र त्यांना पुढे कधी कळलं नाही. दादा इथवर आले की चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "नाव कळलं असतं तर आभाराचं एक पत्र टाकलं असतं आणि मोकळे झाले असते."

आता बाईंविषयी.

त्यांना सगळं कंपाउंड 'बाई'च म्हणायचं. त्या बायबलबाई होत्या. आता ही जात जवळजवळ संपली, म्हणून नव्या वाचकांसाठी सांगते. घरोघर, वाड्यावस्त्यांवर पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, भजनं शिकवायची, आजारी बाळंतिणीची विचारपूस करायची, छोटी पुस्तकं वाटायची, हे बायबलबाईचं काम. पांढरं नेसायचं, काखेत कापडी पिशवी, पायात जाड टायरच्या चपला. आमच्या बाईंचे आईवडील 1918 च्या मानमोडीच्या साथीत एकाच आठवड्यात गेले. कुणीतरी या पोरीला केडगावच्या मुक्तिमिशनात पोचवलं. पंडिता रमाबाईंची शेवटची तीन-चार वर्षं त्यांनी पोरसवदा वयात पाहिली होती. पाहिली म्हणजे काय, तर पांढऱ्या लुगड्यातली एक बाई कागदावर वाकून बसलेली आणि पोरींनी त्या खोलीपाशी गलका करायचा नाही, एवढंच त्यांना आठवे. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. ते मुक्तीतल्याच छापखान्यात मुक्तीतल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. त्याची एक प्रत बाईंच्या पिशवीत असायची. पानं तेलकट, कडा उंदराने कुरतडलेल्या. ते पुस्तक कुणी मागितलं तर बाई देत नसत. बाकी सगळं देत.

आणि बाई मागायच्या. माझ्या लहानपणीच्या आठवणीतल्या बाई म्हणजे सतत मागणारी बाई. दारात उभ्या राहिल्या की पहिलं वाक्य, "जरा एवढं करशील का गं?" कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायला पोरगा हवा, कुणाला चार दिवस झोपायला गोधडी हवी, कुणाचं पत्र वाचून दाखवायला शाळकरी पोरगी हवी. त्यांच्या स्वतःकडे जे असे ते केव्हाच देऊन झालेलं असे, म्हणून पुढचं दुसऱ्याकडे. आमच्या कंपाउंडात त्यांना बघून दार लोटून घेणारी घरंही होती. त्यांचंही फारसं चुकत नव्हतं, असं मला आता माझा स्वतःचा संसार करून झाल्यावर वाटतं.

1972 चा दुष्काळ नगर जिल्ह्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला विसरता येणार नाही. विहिरींचे तळ दिसत होते. कर्ती माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामाला. रेशनवर परदेशातून आलेला तो लालसर मिलो. त्याची भाकरी थापताना चिरायची, तव्यावरून उचलली की मधूनच तुटायची, आणि खाताना घशात अडकायची. दुष्काळी कामांवर सुकडी वाटायचे. आमच्याकडे दादांचा पगार होता म्हणून उपास पडले नाहीत, पण आई पीठ मापून घ्यायला लागली होती. वाटी परातीवर आपटून आपटून, चिकटलेलं पीठसुद्धा पाडायची.

अशा दिवसांत बाई आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "रोज एक भाकरी जास्तीची टाकशील का?" स्टेशनच्या बाजूला कामावरच्या मजुरांनी पालं ठोकली होती, तिथल्या म्हाताऱ्यांसाठी. धडधाकट माणसं कामावर जात, त्यांना मजुरी मिळे, सुकडी मिळे. पालात मागे राहिलेल्यांना काय?

आई गप्प बसली. मग बाई गेल्यावर भडकली. "हिला आमचंच घर दिसतं का? पलीकडे बंगल्यात जा म्हणावं." दादा वाचत होते, ते वाचतच राहिले. दुसऱ्या दिवशी आईने एक भाकरी जास्तीची टाकली. ती फडक्यात बांधून माझ्या हातात देताना मात्र तिचा चेहरा वेगळाच होता. खालमानेने रेशनच्या रांगेत उभी राहणारी ती बाई नव्हती. आमच्या घरी मागायला येता येतं, आमच्याकडे द्यायला आहे, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने ते असं बोलून कधी दाखवलं नाही. पण पुढे सगळा उन्हाळा ती भाकरी चुकली नाही, आणि बाईंना यायला उशीर झाला की आई दाराशी फेऱ्या मारायची.

तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची. ती भाकरी घेऊन बाईंच्या मागे पालांपर्यंत जायचं काम माझं. बाई पालात वाकून शिरायच्या, मांडी घालून बसायच्या, फडकं सोडायच्या आणि भाकरी मोडायच्या. मिलोची भाकरी काही सरळ मोडत नाही. एक तुकडा मोठा, एक लहान होतोच. बाई दोन्ही हातांत दोन तुकडे धरून क्षणभर बघायच्या आणि मोठा पुढे करायच्या. दुसरा दुसऱ्या पालात. एकदा एका आंधळ्या म्हातारीने तुकडा हाताने चाचपून त्यातला चतकोर मोडला आणि बाईंच्या पुढे धरला, "तू बी खा, लेकी." मला वाटलं बाई नको म्हणतील. बाईंनी घेतला आणि तिथेच बसून, मीठ मागून, खाल्ला. मीठसुद्धा मागितलं! मी घरी येऊन आईला तक्रारीच्या सुरात सांगितलं. आई म्हणाली, "बरं केलं."

पुढचा प्रसंग त्यानंतरच्या ज्येष्ठातला. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी राहुरी, नगर, मिरजगाव, करमाळा असं करत पंढरपूरला जाते. दुष्काळ सरला नव्हता, पण आभाळ भरून यायला लागलं होतं. दिंड्या मागेपुढे नगरात शिरत होत्या. आमच्या फाटकाशी कंपाउंडाने पाण्याचा रांजण ठेवला होता, तेवढं दरसाल असे. त्या संध्याकाळी बाईंनी रांजणाशेजारी एक पाट मांडला, एका घमेल्यात मीठ घातलेलं कोमट पाणी, वाटीत खोबरेल तेलात कालवलेली हळद, आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या. लाईट गेलेले होते. मला हाक मारली, "कंदील धर गं. हलवू नको."

वारकऱ्याचे पाय जवळून बघितले नसतील तर सांगून कळायचे नाहीत. टाचांच्या भेगांत वाळू भरलेली, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, चपलेच्या अंगठ्याने फोड उठून फुटलेला. बाई एकेक पाय घमेल्यात घालायला लावायच्या, मग पदराच्या सोग्याने टिपून मांडीवर घ्यायच्या, आणि अंगठ्याने टाच दाबत दाबत जायच्या. कुठे दुखलं की माणूस पाय आखडतो, तिथे थांबायच्या. एक म्हातारा विणेकरी आला. काटा रुतलेला, बाभळीचा असावा, वरून कातडी धरून गेलेली. बाईंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, कंदिलाची काच उचलायला सांगून तिचं टोक ज्योतीत धरलं. म्हाताऱ्याने पाय मागे ओढला.

"माउली, पाय धरू नका. आमाला पाप लागंल."

"पाय कोण धरतंय, बाबा? मी काटा धरतेय. गप बसा."

मग पिन कातडीत घालता घालता म्हणाल्या, "एखादा अभंग म्हणा की. माझा हात चालंल." म्हाताऱ्याने तुकोबांचा एक अभंग धरला. आवाज फुटलेला, पण सूर घट्ट. तो संपतो न संपतो तोच बाईंनी टिळकांचं एक भजन त्याच चालीत लावलं. म्हातारा टाळी धरून ऐकत राहिला आणि विचारलं, "ह्यो अभंग कुनाचा?"

"टिळकांचा. राहुरीला असायचे."

"चाल आपलीच हाय."

"आपलीच," बाई म्हणाल्या, आणि काटा बाहेर आला. अर्ध्या बोटाएवढा होता. म्हाताऱ्याने तो तळहातावर घेऊन कंदिलाजवळ नेऊन बघितला, कौतुकाने.

टिळक म्हणत, की तुकोबांच्या पुलावरून ते ख्रिस्तापर्यंत पोचले. आम्हा नगरच्या ख्रिस्ती लोकांना हे वाक्य भाषणात वापरून वापरून गुळगुळीत झालं आहे. त्या संध्याकाळी त्या पुलावरून दोन्ही बाजूंनी ये-जा होताना मी पाहिली.

रात्री मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ फाटकाशी आले. सद्गृहस्थ होते, मिशनच्या कामाची त्यांना काळजी होती. त्यांनी विचारलं, "बाई, आज पुस्तकं किती गेली?" बायबलबाईला ते विचारणं त्यांचं कामच होतं. बाई पाट उचलत होत्या. म्हणाल्या, "पुस्तक एक बी न्हाई गेलं, साहेब. तेल संपलं. उद्याला दोन बाटल्या लागतील. तुमच्याकडनं एक धरू का?"

गृहस्थ काही न बोलता गेले. सकाळी त्यांच्या घरून एक बाटली आली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या वेळी मला यात येशू वगैरे काही दिसलं नाही. हात दुखत होता आणि कंदिलाभोवतीचे किडे गळ्यात शिरत होते. बऱ्याच वर्षांनी, पवित्र गुरुवारच्या उपासनेत योहानाचा तेरावा अध्याय वाचला जात होता. प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, आणि पेत्र पाय मागे घेतो, माझे पाय तू धुवायचे नाहीस म्हणतो. हा भाग मी असंख्य वेळा ऐकला होता. त्या दिवशी वाचकाने पेत्राचं वाक्य वाचलं आणि मला तो विणेकरीच ऐकू आला. प्रभूचं उत्तर मला त्याच ठसक्यात ऐकायला यायला लागलं: गप बसा. मी बाकावर बसल्या बसल्या हसले आणि शेजारच्या बाईंनी रागाने बघितलं.

बाई गेल्या तेव्हा मी नोकरीसाठी बाहेरगावी होते. त्यांच्या पिशवीतलं रमाबाईंचं बायबल कुणाकडे गेलं, माहीत नाही.

दुसरं ऋण ज्या बाईचं, तिचं आडनावसुद्धा मी विचारलं नाही. दादांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. एका दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. आपल्याकडे दवाखान्यात साफसफाई आणि रुग्णाचं सगळं करणाऱ्या बायकांना मावशी म्हणतात, तशा त्या मावशी. कपाळाला ठसठशीत कुंकू, रविवारी भंडारा. दादांचं सगळंच अंथरुणात. आयुष्यभर धोतराची निरी न मोडलेला माणूस. मी मुलगी असून मला ते जवळ येऊ देत नसत. मावशी भांडं घेऊन आल्या की भिंतीकडे तोंड फिरवून घ्यायचे. डोळ्यांतून पाणी यायचं ते उशीवर. बोलणं अडखळत होतं, पण शब्द कळत. एकदा म्हणाले, "आता माझा काय उपयोग."

दुसऱ्या दिवशी मावशी ड्यूटीवर आल्या त्या कमरेला एक वही खोचून. दादांचं सगळं आवरलं, पावडर लावली, चादर ताणली, आणि वही त्यांच्या पोटावर ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, पोरगी दहावीला हाय. निबंध लिवलाय. बाई म्हंती चुकाच लई. जरा बगता का?"

दादांनी डाव्या हाताने वही उघडली. मी लाल पेन दिलं. डाव्या हाताने पहिली रेघ ओढली ती कागद फाटून गेली. मग दुसरी. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर त्यांचं आयुष्यभराचं वैर, ते एकदम जागं झालं. दुपारी मावशी चहा घेऊन आल्या तर ओरडले, म्हणजे जेवढं ओरडता येत होतं तेवढं, "हे 'परिस्थिती' कुणी शिकवलं हिला असं लिहायला?"

मग रोज एक निबंध. मावशी सकाळी भांडं उचलायच्या, अंग पुसायच्या, कूस बदलून पाठीला स्पिरिट चोळायच्या, आणि दादा भिंतीकडे बघायच्या ऐवजी विचारायचे, काल सांगितलेला उतारा लिहिला का. दोघांचा व्यवहार बरोबरीचा झाला होता. ती त्यांचं करत होती, ते तिच्या मुलीचं करत होते.

मावशींनी ही युक्ती केली, असं मी हे सांगते तेव्हा ऐकणारे म्हणतात. तसं अजिबात नव्हतं. त्या मुलीचं मराठी खरोखर कच्चं होतं आणि शिकवणीला पैसे नव्हते. मावशींना गरज होती आणि समोर एक मास्तर आडवा पडलेला होता, म्हणून त्यांनी मागितलं. खोटं खोटं मागितलं असतं तर दादांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेला माणूस. शोमरोनी बाईकडे पाणी मागणारा येशूसुद्धा खरंच तहानलेला होता, असं योहानाच्या वर्णनावरून दिसतं. प्रवासाने थकून विहिरीवर टेकला होता, त्याच्याजवळ पोहरा नव्हता. त्याची तहान नाटकी असती तर ती बाई घागर तिथेच टाकून गावाकडे धावली नसती.

जूनमध्ये निकाल लागला तेव्हा दादा घरी आले होते, काठीने दोन पावलं टाकत होते. मावशी पेढे घेऊन पत्ता शोधत आल्या. मुलीला मराठीत अडुसष्ट. दादा पेढा तोंडात घालून म्हणाले, "शुद्धलेखनात गेले. पंचाहत्तर पडायला हवे होते." मावशी हसून हसून दाराला टेकल्या. दादा त्यानंतर काही वर्षं जगले आणि त्या वर्षांत गल्लीतल्या पोरांच्या वह्या त्यांच्या खाटेवर असायच्या. आम्ही मुलांनी औषधं आणली, व्यायाम करून घेणारे आणले, प्रार्थनेला पाळक आणले. जे मावशींनी दिलं ते आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. आम्ही त्यांना सगळं देत होतो. त्यांच्याकडे काही मागावं, हे डोक्यात आलंच नाही.

मावशी ख्रिस्ती नव्हत्या. येशूचं नाव त्यांनी त्या दवाखान्याच्या भिंतीवर वाचलं असेल तेवढंच. आमच्यातल्या काहींना इथे अडतं. त्या बाईत तू प्रभूची उपस्थिती कशी काय म्हणतेस, असं मला विचारलं गेलं आहे, तेही जरा दरडावून. मी वाद घालत नाही. टिळकांकडे बोट दाखवते. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले आणि तो प्रयोग रुजायचा राहिला. दादा त्याला टिळकांचं कवीपण म्हणायचे, म्हणजे थोडक्यात खूळ. दवाखान्यातून आल्यावर मात्र त्यांनी हा शब्द पुन्हा वापरलेला मी ऐकला नाही.

माझी स्वतःची नोकरी टपालखात्यात गेली. खिडकीत बसून मागणाऱ्यांचीच तोंडं बघायची. ऊसतोडीचे मजूर मनीऑर्डर करायला यायचे आणि फॉर्म आत सरकवून म्हणायचे, "बाई, एवढं लिवून द्या." फॉर्मच्या खालच्या पट्टीवर निरोप लिहायला दोन-चार ओळींची जागा असे. रांग लांब, वर पंखा बंद. मी चिडायचे, आणि चिडता चिडता मला बाईंचं "जरा एवढं करशील का गं" ऐकू यायचं. मग लिहायचे. खुशाल आहे, काळजी करू नये, पोरांना शाळेत घालावं. एका मजुराने मला थांबवलं होतं, "अजून एक लिवा. तिला म्हनावं, तब्येतीला जप." हे म्हणताना तो लाजला आणि रांगेकडे बघून गप्प झाला. मी ते मोठ्या अक्षरात लिहिलं. प्रत्येक वेळी असं काही दिसायचं असं नाही. बहुतेक वेळा नुसताच फॉर्म असायचा आणि माझी पाठ दुखायची.

मंडळीत आता बायबलबाई नाही, पण फाटकाशी रांजणाच्या जागी नळ आहे आणि शेजारी दरसाल चार पाट मांडले जातात. आमच्यातल्या काही बायका, तरुण संघाची मुलं, गल्लीतले दोन-तीन जण जे रविवारी देवळात येत नाहीत, असा मेळ जमतो. मीठपाणी, खोबरेल, हळद, आता जोडीला कैलास जीवनच्या डब्या. पालखीच्या आदल्या दिवशी मी घरोघर फिरून बाटल्या मागते. माझ्या सुनेला त्याची लाज वाटायची; आता तीच यादी करते.

यंदाही ज्येष्ठात पालखी नगरात येईल. तुम्ही नगरचे असाल, किंवा त्या दिवसांत इकडे येणार असाल, तर संध्याकाळी फाटकाशी या. कुठल्या मंडळीचे, कुठल्या देवाचे, कुणी विचारणार नाही. पाट आहेत, तेल पुरेसं आहे. काटा काढताना मोबाईलची बॅटरी न हलवता धरणारं माणूस लागतं, ते कमी पडतं.